बुद्धिबळाचं इंजिन मधूनच नियम मोडतं तेव्हा: पटावर न दिसणारे बग कसे शोधायचे

प्रोग्रॅम शेकडो डाव नीट खेळतो. मग रात्रभर लावून ठेवलेल्या सामन्यात एका डावापुढे 'बेकायदा चाल' असा शेरा दिसतो आणि डाव प्रतिस्पर्ध्याला बहाल झालेला असतो. शेवटची स्थिती उघडून इंजिनाला पुन्हा खेळायला लावलं तर ते शहाण्यासारखं वागतं. दुसरा प्रकार याहून संतापजनक: अख्खा हत्ती जास्त असताना इंजिन तोच घोडा पुढे-मागे करत बसतं आणि जिंकलेला डाव बरोबरीत सोडून देतं. स्वतःचं इंजिन लिहिणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या वाट्याला हे येतं, आणि बहुतेक जण सर्चमध्ये (पुढच्या चाली पडताळून बघणाऱ्या भागात) किंवा मूल्यमापनाच्या फंक्शनमध्ये चूक शोधत बसतात.

चूक तिथे क्वचितच सापडते. हत्ती सरळ जातो, उंट तिरका जातो, हे कोड कोणी चुकवत नाही, आणि चुकवलंच तर दहा चालींत दिसून येतं. वर्षानुवर्षं टिकतात ते बग पटाच्या चित्रात न दिसणाऱ्या माहितीचे. अशा गोष्टी पाच: पाळी कोणाची, किल्लेकोटाचे (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवण्याचे) कोणते हक्क शिल्लक आहेत, आत्ता एन पासाँ (दोन घरं पुढे आलेल्या प्याद्याला, ते एकच घर आलंय असं धरून, शेजारच्या प्याद्याने मारणं) करता येईल का, शेवटची मारामारी किंवा प्याद्याची चाल होऊन किती चाली झाल्या, आणि हीच स्थिती डावात आधी किती वेळा येऊन गेली. तक्रार कुठलीही असो, मी आधी या पाचांकडे बघतो, बाकी कोडकडे नंतर.

पर्फ्ट चालवा, पण सुरुवातीच्या मांडणीवर समाधान मानू नका

दिलेल्या स्थितीतून ठरावीक खोलीपर्यंत चालींचे किती क्रम निघतात, याची मोजणी म्हणजे पर्फ्ट. मूल्यमापन नाही, छाटणी नाही, नुसती मोजणी. सुरुवातीच्या मांडणीतून पहिल्या अर्ध्या चालीला (म्हणजे एकाच बाजूच्या चालीला) २०, दुसऱ्या खोलीला ४००, मग ८,९०२, १,९७,२८१, ४८,६५,६०९ आणि सहाव्या खोलीला ११,९०,६०,३२४ हे आकडे यायलाच हवेत. एकाचा जरी फरक पडला तरी बग आहे. 'जवळपास बरोबर' असं इथे काही नसतं.

फसगत होते ती या आकड्यांवर भरवसा ठेवल्याने. सहाव्या खोलीपर्यंत जुळलं की चाली काढणारं कोड पूर्ण झालं, असं लोक धरून चालतात. पण सुरुवातीच्या मांडणीतून किल्लेकोट पहिल्यांदा शक्य होतो तो सातव्या अर्ध्या चालीला, आणि प्याद्याची बढती थेट नवव्या. म्हणजे किल्लेकोटाचं कोड अजिबात लिहिलेलं नसलं तरी अकरा कोटींचा तो आकडा तंतोतंत येतो! एन पासाँ पाचव्या खोलीत उगवतं, तेही ४८ लाखांत फक्त २५८ वेळा.

म्हणून 'किवीपीट' नावाने ओळखली जाणारी स्थिती वापरा. तिची फेन (अख्खी स्थिती एका ओळीत लिहिण्याची पद्धत) ओळ कुठेही सहज मिळते. तिचे आकडे ४८, २,०३९, ९७,८६२, ४०,८५,६०३ आणि १९,३६,९०,६९०. पहिल्याच खोलीत पांढऱ्याला दोन्ही बाजूंचे किल्लेकोट उपलब्ध आहेत, दुसऱ्या खोलीत ९१ किल्लेकोट आणि एक एन पासाँ येतं, चौथ्या खोलीत १५,१७२ बढत्या येतात. त्यामुळे आकडा कुठे फुटला यावरून अंदाज बांधता येतो: दुसऱ्या खोलीतच चुकला तर किल्लेकोटाकडे बघा, तिसरी जुळून चौथी चुकली तर पहिला संशय बढतीवर.

फरक आहे एवढं कळल्यावर तो कुठे आहे हे शोधायला 'डिव्हाइड' करायचं. मुळातल्या प्रत्येक चालीखाली किती क्रम आले ते वेगवेगळं छापायचं आणि खात्रीच्या इंजिनाशी ताडून बघायचं. स्टॉकफिशला 'गो पर्फ्ट ४' अशी आज्ञा दिली की ते अशीच यादी देतं. पायथन-चेस वापरूनही चार ओळींत होतं. ज्या चालीचा आकडा जुळत नाही ती खेळायची, खोली एकाने कमी करायची, पुन्हा यादी. तीन-चार पायऱ्यांत एका खोलीवर येऊन पोहोचता आणि नेमकी कुठली चाल जास्तीची किंवा कमी आहे ते समोर दिसतं. डोक्याने तर्क लढवण्यापेक्षा हे नेहमी लवकर होतं, कितीही कंटाळवाणं वाटलं तरी.

आणखी एक फुकटची चाचणी: स्थिती उलटी करा. पांढरी मोहरी काळी, काळी पांढरी, पट वरचा खाली, पाळीही बदललेली. आकडे तसेच राहायला हवेत. न राहिल्यास दोन रंगांपैकी एकाच्या कोडमध्ये कॉपी-पेस्टची चूक आहे, बहुधा प्याद्यांच्या दिशेची किंवा ए आणि एच पट्टीवरून पलीकडे गुंडाळलं जाण्याची.

एन पासाँ: सगळ्यात जास्त वेळ खाणारी चाल

या चालीत मारलेलं प्यादं एका घरावरून उचललं जातं आणि मारणारं प्यादं दुसऱ्याच घरावर जाऊन बसतं. परिणामी एकाच आडव्या रांगेतली दोन प्यादी एकदम नाहीशी होतात. पिन (हललं तर आपलाच राजा उघडा पडेल असं बांधलेलं मोहरं) तपासणाऱ्या कोडला याची कल्पना नसते.

पांढरा राजा ए५ वर, पांढरं प्यादं बी५ वर, काळा हत्ती एच५ वर, मधली घरं रिकामी. काळा सी७ चं प्यादं दोन घरं ढकलून सी५ वर आणतो. आता राजा आणि हत्ती यांच्या मध्ये दोन प्यादी आली, म्हणून पिनचा हिशेब सांगतो की बी५ चं प्यादं मोकळं आहे. पण त्याने सी६ वर एन पासाँ केलं की पाचवी रांग रिकामी होते आणि राजा थेट हत्तीच्या माऱ्यात येतो. चाल बेकायदा. इंजिन ती खेळतं आणि सकाळी तुम्हाला तो शेरा दिसतो.

याची चाचणी करायला एक प्रसिद्ध स्थिती आहे. पांढरा: राजा ए५, हत्ती बी४, प्यादी बी५, ई२, जी२. काळा: राजा एच४, हत्ती एच५, प्यादी सी७, डी६, एफ४. पांढऱ्याची पाळी, किल्लेकोटाचे हक्क कोणालाच नाहीत. आकडे: १४, १९१, २,८१२, ४३,२३८, ६,७४,६२४. दुसऱ्या खोलीला १९१ ऐवजी १९३ आले तर निदान जागेवरच झालं. ई२-ई४ आणि जी२-जी४ या दोन्हींनंतर एफ४ चं काळं प्यादं एन पासाँ करू बघतं, आणि दोन्ही वेळा बी४ चा हत्ती एच४ च्या राजावर उघडा पडतो. तेच ते दोन जास्तीचे क्रम.

ही चूक सुधारताना लोक उलट टोकाला जातात आणि बांधलेल्या प्याद्याला एन पासाँ सरसकट बंद करतात. तेही चूक. पांढरा राजा सी४, प्यादं डी५, काळा उंट एफ७: प्यादं बांधलेलं आहे. पण काळ्याने ई७-ई५ केल्यावर डी५ ने ई६ वर मारलं तर प्यादं त्याच तिरक्या रेषेवर राहतं आणि राजा झाकलेलाच असतो. चाल कायदेशीर.

तिसरा प्रकार, नसलेली मात जाहीर करण्याचा. शहातून सुटण्याच्या चाली वेगळ्या काढणाऱ्या इंजिनांत तो हमखास असतो. राजा डी४ वर, स्वतःचं प्यादं डी५ वर, आणि काळा ई७-ई५ करून प्याद्याने शह देतो. सुटकेचं कोड म्हणतं: शह देणाऱ्याच्या घरावर, म्हणजे ई५ वर, जाऊन मारा किंवा राजा हलवा. एन पासाँ तर ई६ वर पोहोचतं, म्हणून ते गाळलं जातं. राजाला दुसरं घर नसेल तर इंजिन मात झाली असं जाहीर करून मोकळं होतं.

यावर माझा सल्ला हुशारी न करण्याचा आहे. एन पासाँची चाल आली की दोन्ही प्यादी पटावरून खरोखर काढा, मारणारं नव्या घरावर ठेवा, राजावर मारा आहे का बघा, आणि सगळं परत ठेवा. ही चाल इतकी विरळ आहे की वेगावर काही परिणाम होत नाही. तिच्यासाठी पिनचं चलाख गणित लिहिणं म्हणजे बगला घरी जेवायला बोलावणं.

आणि हो, सर्चमध्ये रिकामी चाल (नल मूव्ह, म्हणजे काही न खेळता पाळी सोडणं) वापरत असाल तर ती करताना एन पासाँचं घर पुसायला विसरू नका. तो हक्क लगेचच्या एकाच चालीपुरता असतो.

किल्लेकोट

इथे माणसंही चुकतात, अगदी मोठीही. १९६० मध्ये ॲडलेड इथल्या डावात पर्डीने वजिराच्या बाजूला किल्लेकोट केला तेव्हा हत्ती ज्या बी८ वरून सरकतो त्या घरावर मारा होता, म्हणून ॲव्हरबाखसारख्या ग्रँडमास्टरने हरकत घेतली. १९७४ च्या मॉस्कोतल्या उमेदवारांच्या अंतिम सामन्यात कोर्चनॉयने पंचांना विचारलं की हत्तीवर मारा असताना किल्लेकोट चालतो का. दोन्ही ठिकाणी उत्तर एकच: चालतो. मारा नको तो राजाच्या घरावर, तो ओलांडतो त्या घरावर आणि तो पोहोचतो त्या घरावर. बी१ किंवा बी८ फक्त रिकामं असलं की झालं. कोडमध्ये 'रिकामी असायची घरं' आणि 'मारा नसायची घरं' या दोन वेगळ्या याद्या ठेवा. एकाच यादीवर काम भागवलं की वजिराच्या बाजूचा किल्लेकोट हमखास बिघडतो.

'आधी चाल खेळू, पुढच्या चालीत राजा मारला जातोय का बघू' या पद्धतीवर चालणाऱ्या इंजिनांनी किल्लेकोटासाठी वेगळी तपासणी ठेवायलाच हवी, कारण राजा माऱ्याचं घर ओलांडून पलीकडे सुरक्षित पोहोचलेला असतो.

पण सगळ्यात चिवट बग हक्कांचा आहे. हत्ती हलला की हक्क जातो, एवढं सगळे लिहितात. हत्ती न हलता मारला गेला तर? समजा पांढऱ्या उंटाने एच८ चा हत्ती खाल्ला. काळ्याचा हत्ती 'हललेला' नाही, म्हणून हक्काचा बिट तसाच राहतो. वीस चालींनी काळ्याचा दुसरा हत्ती फिरत एच८ वर येतो, राजा अजून ई८ वरच आहे, आणि इंजिन किल्लेकोट करतं. पर्फ्टच्या उथळ खोलीत हे दिसत नाही. प्याद्याने बी७ वरून ए८ चा हत्ती खाऊन बढती घेतली तरी हेच.

उपाय छोटा आहे. ६४ घरांचा एक तक्ता करा. ए१, ई१, एच१, ए८, ई८, एच८ या घरांपुढे कुठले हक्क जातात ते लिहा, बाकीच्यांपुढे काहीच जात नाही असं. प्रत्येक चालीत निघालेलं घर आणि पोहोचलेलं घर, दोन्हींपुढे लिहिलेले हक्क काढून टाका. कोण हललं, काय मारलं, बढती होती का, हे काहीच विचारायची गरज उरत नाही.

चेस९६० (मागच्या रांगेची मांडणी दर डावाला बदलणारा प्रकार) चालवत असाल तर एक जास्तीचा काटा आहे. राजा सी१ वर, हत्ती बी१ वर आणि काळा वजीर ए१ वर. वजिराच्या बाजूला किल्लेकोट केल्यावर राजा सी१ वरच राहतो आणि हत्ती उडी मारून डी१ वर जातो. राजाने एकही घर ओलांडलं नाही, त्याच्या घरावर आत्ता माराही नाही, पण हत्ती सरकल्याबरोबर वजिराचा शह उघडतो. नेहमीच्या बुद्धिबळात असं घडूच शकत नसल्यामुळे जुन्या कोडला हे माहीतच नसतं.

राजा रेषेवरच मागे सरकतो

छोटा पण नेहमीचा. काळा हत्ती ए१ वर, पांढरा राजा ई१ वर, शह. राजा एफ१ वर जाऊ शकतो का? माऱ्याचा नकाशा राजा ई१ वर असताना काढला तर एफ१ सुरक्षित दिसतं, कारण राजाच स्वतःच्या मागच्या घराला झाकतोय. नकाशा काढताना राजा पटावरून उचला. एवढंच.

चाल मागे घेताना काय हरवतं

चाल परत घेताना मोहरं मूळ जागी ठेवणं सोपं. किल्लेकोटाचे हक्क, एन पासाँचं घर आणि चालींचा मोजक (शेवटच्या मारामारीपासून किंवा प्याद्याच्या चालीपासून किती चाली झाल्या तो आकडा) मात्र चालीवरून परत काढता येत नाहीत. ते चाल करण्याआधी स्टॅकवर ठेवावेच लागतात. यातलं एक जरी सुटलं तरी बग विशिष्ट क्रमानेच येतो, आणि शेवटची स्थिती नव्याने भरली की गायब होतो. सुरुवातीला म्हटलेल्या 'पुन्हा खेळवलं तर शहाण्यासारखं वागतं' या तक्रारीमागे बहुतेकदा हेच असतं.

डीबग बिल्डमध्ये प्रत्येक चाल करून मागे घेतल्यावर अख्खी स्थिती आधीच्या प्रतीशी ताडून बघा. सोबत झोब्रिस्ट हॅशही (स्थितीची ओळख पटवणारा एक आकडा) तपासा. १९७० पासून चालत आलेल्या या पद्धतीत साधारण ७८१ यादृच्छिक आकडे लागतात: बारा प्रकारची मोहरी गुणिले ६४ घरं म्हणजे ७६८, पाळीसाठी एक, किल्लेकोटाचे चार, एन पासाँच्या आठ पट्ट्या. इंजिन हॅश चालीगणिक बदलत नेतं. तुम्ही तो दर वेळी शून्यापासून पुन्हा काढा आणि दोन्ही सारखे आहेत का बघा. प्रोग्रॅम दहापट हळू होईल, होऊ द्या. ज्या चालीला दोन आकडे वेगळे होतील तिथेच चूक आहे.

तीनदा तीच स्थिती

आता जिंकलेला डाव बरोबरीत सोडण्याच्या तक्रारीकडे. एकच स्थिती तीनदा आली की बरोबरी मागता येते. फिडेचा (जागतिक बुद्धिबळ महासंघाचा) हा नियम स्थितीबद्दल आहे, चालींबद्दल नाही. १९७१ मध्ये ब्युनोस आयर्सला फिशर-पेट्रोशियन सामन्याच्या तिसऱ्या डावात मधल्या चाली वेगळ्या असूनही एकच स्थिती तीनदा आली आणि डाव बरोबरीत सुटला. शेवटच्या काही चाली पुन्हा त्याच आहेत का असं तपासणारं कोड इथे तोंडघशी पडतं. आणि स्थिती 'तीच' ठरायला मोहऱ्यांची घरं जुळून भागत नाही. पाळी, किल्लेकोटाचे हक्क आणि एन पासाँची शक्यताही जुळावी लागते. टिलबर्गला १९८६ मध्ये कार्पोव्ह-माइल्स डाव याच मुद्द्यावर बरोबरीत सुटला, आणि मागाहून लक्षात आलं की पहिल्यांदा स्थिती आली तेव्हा काळ्याला वजिराच्या बाजूच्या किल्लेकोटाचा हक्क होता, नंतर नव्हता. म्हणजे दोनदाच आली होती.

दोन चाचण्या जरूर करा.

पहिली: दोन्ही बाजूंनी राजाकडचा घोडा बाहेर काढून परत आत न्यायचा, असं दोनदा. चौथ्या चालीला काळ्याचा घोडा जी८ वर परतला की सुरुवातीची मांडणी तिसऱ्यांदा आलेली असते. तुमचा प्रोग्रॅम दोनच म्हणत असेल तर पहिली स्थिती तुम्ही इतिहासात घातलीच नाही. चाल झाल्यावरच नोंद करताय.

दुसरी: ई४ ई५ खेळा, आणि मग तोच घोड्यांचा खेळ दोनदा. पाचव्या चालीनंतर ई४-ई५ ची स्थिती तिसऱ्यांदा आली. पुष्कळ इंजिनं इथे दोन म्हणतात. कारण ई५ झाल्याबरोबर ती ई६ हे एन पासाँचं घर हॅशमध्ये मिसळतात आणि पुढच्या दोन वेळी ते घर नसतं, म्हणून हॅश वेगळा. प्रत्यक्षात डी५ किंवा एफ५ वर पांढरं प्यादंच नाही, मारणार कोण? नियमाच्या दृष्टीने तिन्ही स्थिती एकच.

मूळ फेन प्रमाणानुसार प्यादं दोन घरं पुढे गेलं की ते घर लिहायचं, मारणारं कोणी असो वा नसो. फेन लिहिताना तसं करा हवं तर. पण हॅशमध्ये ते घर तेव्हाच घाला जेव्हा एन पासाँ खरोखर कायदेशीर असेल. शेजारी प्यादं आहे एवढं पुरत नाही. ते वर सांगितल्यासारखं बांधलेलं असेल तर मारता येत नाही, आणि मग ती स्थिती वेगळी धरायचं कारण नाही.

इतिहासात मागे बघताना चालींच्या मोजकाइतकंच मागे जायचं, कारण मारामारी किंवा प्याद्याच्या चालीपलीकडची स्थिती परत येऊच शकत नाही. इथे एक सापळा आहे. डाव फेनपासून सुरू झाला आणि त्यात मोजक ४० लिहिलेला असेल, तर इतिहासाच्या यादीत तेवढ्या नोंदीच नसतात. मर्यादा न तपासणारं कोड ॲरेच्या बाहेर वाचतं. कधी क्रॅश, कधी भलतीच बरोबरी.

सर्चच्या आत दुसऱ्यांदा आलेली स्थिती बरोबरी धरणं ही चांगली आणि रूढ युक्ती आहे. पण प्रत्यक्ष डावात घडून गेलेल्या स्थितीला तोच नियम लावला तर इंजिन नको तिथे घाबरतं किंवा नको तिथे निश्चिंत होतं. दोन्हींचा हिशेब वेगळा ठेवा.

आणि कधी कधी इंजिन निर्दोष असतं. यूसीआयमध्ये (इंजिन आणि पट दाखवणारा इंटरफेस यांच्यातल्या संवादाच्या पद्धतीत) इंटरफेस 'सुरुवातीची मांडणी अधिक सगळ्या चाली' पाठवू शकतो, किंवा नुसती आत्ताची फेन. नुसती फेन आली तर इंजिनाला इतिहासच नाही. ते जिंकत असूनही शांतपणे तीच स्थिती तिसऱ्यांदा आणतं. स्वतः ॲप लिहिणारे ही चूक फार करतात. इंजिनाच्या कोडला हात लावण्याआधी दोघांमधला संवाद लॉग करून बघा.

पन्नास म्हणजे शंभर

मारामारी किंवा प्याद्याची चाल न होता पन्नास चाली गेल्या की बरोबरीचा दावा करता येतो, पण फेनमधला मोजक अर्ध्या चाली मोजतो. त्याची तुलना ५० शी करणारं कोड पंचविसाव्या चालीला बरोबरी जाहीर करतं. ही चूक दिसते तितकी दुर्मीळ नाही. दावा करता येतो तो मोजक १०० झाल्यावर. जुलै २०१४ पासून १५० ला, म्हणजे ७५ चालींना, डाव आपोआप बरोबरीत सुटतो, तसाच स्थिती पाचदा आल्यावरही. शेवटच्या चालीने मात झाली असेल तर मात श्रेष्ठ. म्हणून शंभरी भरली की लगेच शून्य गुण परत पाठवू नका. आधी शह आहे का आणि सुटायला एखादी तरी कायदेशीर चाल आहे का बघा. किल्लेकोटाने मोजक शून्य होत नाही, हक्क गेल्यानेही नाही.

नियम कोडमध्ये बरोबर असला तरी सर्च त्याच्यापुढे फसू शकतं. २००८ मध्ये हिकारू नाकामुराने एका ब्लिट्झ डावात पट पूर्ण बंद करून ठेवला. समोरच्या रिब्का या इंजिनाला आपण वरचढ आहोत असं वाटत होतं, म्हणून पन्नास चालींची बरोबरी टाळायला रिब्काने स्वतःच स्थिती फोडली आणि २७१ चालींत डाव घालवला.

अंतिम स्थितींचे तक्ते (मोजकीच मोहरी उरलेल्या स्थितींची आधीच काढून ठेवलेली उत्तरं) जोडले असतील तर तेही तपासा. जुने नालिमोव्ह तक्ते मात होईपर्यंतचं अंतर देतात आणि पन्नास चालींकडे बघत नाहीत. सिझिजी तक्ते त्या नियमाचा विचार करतात, पण किल्लेकोटाचा हक्क शिल्लक असलेल्या स्थिती त्यांत नसतात, आणि जय-पराजयाचं उत्तर मोजक शून्य असतानाच जसंच्या तसं धरता येतं. या दोन अटी न पाळता तक्ता विचारला की इंजिन न जिंकता येणारा डाव जिंकल्याच्या ऐटीत खेळतं.

मात शक्यच नाही, हे कोणी ठरवायचं?

वेळ संपली आणि समोरच्याकडे नुसता घोडा आहे. बरोबरी? फिडेच्या नियमात प्रश्न असा आहे की कायदेशीर चालींच्या कुठल्याही क्रमाने, अगदी वेड्यासारखं खेळूनही, मात होऊ शकते का. हरणाऱ्याकडे एक प्यादं असेल तर ते स्वतःच्याच राजाची वाट अडवू शकतं, म्हणजे मात संभवते, म्हणजे हार. दोन घोडे विरुद्ध एकटा राजा: मात लादता येत नाही, पण पटावर घडू शकते, म्हणून डाव आपोआप संपवू नका. दोन्हींकडे एकेक उंट आणि दोन्ही एकाच रंगाच्या घरांवर: इथे खरंच काही शक्य नाही. अमेरिकन महासंघाचे नियम यात फिडेपेक्षा वेगळे आहेत, तेव्हा कुठले पाळताय ते सेटिंगमध्ये स्पष्ट लिहा.

स्टेलमेटची (शह नाही, पण कायदेशीर चालही नाही, म्हणून बरोबरी) खोटी घोषणा मात्र वेगळ्या कारणाने होते. सर्चच्या शेवटच्या टप्प्यात फक्त मारामारीच्या चाली काढल्या जातात. तिथे एकही चाल निघाली नाही म्हणून स्टेलमेट धरलं जातं. ती तपासणी त्या टप्प्यात ठेवूच नका.

तक्रार खरी, बग नाही

आपल्याकडे गावात देशी पद्धतीने शिकलेले खेळाडू अजून आहेत. त्या पद्धतीत शेवटच्या घरात पोहोचलेलं प्यादं त्या पट्टीचं मोहरं होतं, आणि राजाला एकदा घोड्याची उडी घेता येते. असे आजोबा नातवाच्या फोनवर खेळले की 'हत्तीच्या घरात गेलेल्या प्याद्याचा वजीर कसा काय करतं हे?' अशी तक्रार येणारच. ती बगच्या यादीत टाकण्याआधी कुठले नियम अपेक्षित होते ते विचारा.

तसंच नोंदीचं. यूसीआयमध्ये किल्लेकोट 'ई१ जी१' असा पाठवायचा, चेस९६० चा पर्याय चालू असेल तर राजाचं घर आणि हत्तीचं घर, म्हणजे 'ई१ एच१'. पॉलिग्लॉट ओपनिंग बुकमध्ये (सुरुवातीच्या चालींच्या तयार संग्रहात) नेहमीच्या बुद्धिबळातही हीच 'ई१ एच१' पद्धत असते. पुस्तकातली चाल जशीच्या तशी पुढे पाठवली तर राजा स्वतःच्याच हत्तीला खाताना दिसतो. पीजीएनमध्ये (डाव लिहून ठेवायच्या फाइलमध्ये) किल्लेकोटाला कॅपिटल ओ हे अक्षर लागतं, शून्य नाही. आणि दोन घोडे एकाच घरावर जाऊ शकत असले तरी त्यातला एक बांधलेला असेल, तर कुठला घोडा हे लिहायचं नसतं.

राहता राहिले ॲरे. एका स्थितीत जास्तीत जास्त किती कायदेशीर चाली असू शकतात? पेत्रोविच यांनी १९६४ मध्ये रचलेल्या स्थितीत २१८ आहेत. १२८ ची यादी धरलीत तर बहुतेक डाव निभतील, आणि एखाद्या दिवशी कोणी गंमत म्हणून सात वजीर करेल तेव्हा शेजारची मेमरी खराब होईल, म्हणून २५६ घ्या. इतिहासाच्या यादीला ५१२ अर्ध्या चाली पुरतील असं वाटतं, पण १९८९ मध्ये बेलग्रेडला निकोलिच-आर्सोविच डाव २६९ चाली चालला. हत्ती आणि उंट विरुद्ध हत्ती अशी ती अंतिम स्थिती होती, आणि त्या काळी तिच्यासाठी पन्नासऐवजी शंभर चालींची मुभा होती. आता ती मुभा नाही, तरी ७५ चालींच्या आत एखादं प्यादं ढकलत राहिलं की डाव याहून कितीतरी लांबवता येतो. इतिहासाला वाढणारी यादी वापरा, आणि सर्चच्या खोलीसाठी वेगळी जागा राखा.